रतनबाईंच्या मापाची खुर्ची

...अहो, ऑपरेशन छान झालं हो, ऑपरेशनबद्दल कुणाची तक्रारच नाही! दोन्ही गुडघे नवेकोरे, डॉक्टर हुशार, नर्स गोड, दवाखान्यातली खिचडीसुद्धा बरी... पण तुम्हाला सांगतो, घरी सोडताना त्या डॉक्टरांनी जे एक वाक्य टाकलं ना, त्यानं सगळा घोटाळा झाला! काय म्हणाले? "आजी, आता जन्मात खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही, पाट नाही. बसायचं ते खुर्चीत." आणि आमच्या शेजारच्या रतनबाई, ज्यांचा सगळा जन्म चुलीपुढं, बांधावर, उंबऱ्यावर, गोणपाटावर बसण्यात गेला, त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. "व्हय डाक्टर."

व्हय डाक्टर! अहो, पण बाईनं बसायचं कुठं?

आता तुम्ही म्हणाल, काय शामकांत, खुर्चीत बसायला सांगितलं तर खुर्चीत बसायचं, त्यात कसला घोटाळा? मीही तेच म्हणालो होतो! पण तुम्ही रतनबाईंना पाहिलेलं नाही. आमचं गाव संगमनेरजवळ, घरोघरी दूध. ते दुधाचे मोठे कॅन असतात ना, ते एकावर एक दोन ठेवले की पलीकडच्या रतनबाई दिसत नाहीत. एवढी उंची. आणि नवरा? मच्छिंद्रआबा! तरुणपणी तालमीत गेलेला गडी, गावचं दूध संकलन केंद्र चालवतात, स्वतःच्या घराच्या दारातून आत येताना अजून मान वाकवतात. दोघं बाजारात निघाले की वाटायचं, आबांनी पिशवी धरलीय, मग पिशवी बोलायला लागली की कळायचं, रतनबाई आहेत.

तर घरात बसायला काय कमी होतं का? छे! मुलगा आप्पासाहेब नाशिकला नोकरीला, त्यानं वास्तुशांतीला सोफा पाठवलेला. राखाडी, एका कोपऱ्यातून वळून दुसऱ्या भिंतीला जाणारा, आणि खोल किती म्हणता? विहिरीसारखा! रतनबाईंनी पाठ टेकवली की पाय समोर सरळ, पाळण्यातल्या बाळाचे असतात तसे. पाय खाली सोडले की पाठीमागं आख्खा माणूस बसेल एवढी जागा रिकामी. आणि उठायचं असलं की एकानं पुढून ओढायचं, दुसऱ्यानं मागून ढकलायचं, तिसऱ्यानं "सावकाश, सावकाश" म्हणायचं. मग प्लॅस्टिकची खुर्ची आणली. तिच्यात पाय लोंबकळायचे, दुपारपर्यंत सुजून दगड. म्हणून पायांखाली पाट ठेवला. त्या पाटाला आबा अडखळले, हातातल्या चहासकट! पाट गेला माळ्यावर. जेवायचं टेबल? खुर्ची उंच, टेबल त्याहून उंच, ताट हनुवटीला. भाकरी मोडायची तर हात वर करून, देवळातली घंटा वाजवावी तशी!

शेवटी रतनबाई काय करायच्या माहितीय? स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला खांदा लावून उभ्या राहायच्या. सकाळी उभ्या, दुपारी उभ्या, पाहुणे आले की पदर सावरून आणखी जरा आत सरकून उभ्या. नवे गुडघे कशासाठी घातले हो? सुखानं बसता यावं म्हणून ना? मी म्हणायचो, "वहिनी, बसा की!" त्या म्हणायच्या, "बसते की भावजी." आणि चौकट सोडायच्या नाहीत.

अहो, सोडून जातील कुठं? बाईनं बसायचं कुठं?

अशात नात आली सुटीला. ज्ञानेश्वरी. आप्पासाहेबची मुलगी, पुण्यात शिकते, कॉलेज कसलं, तर फर्निचर डिझाइनचं! आबांना हे गावात सांगायला लाज वाटते, ते सांगतात, "इंजनेरिंगला हाय." शेवटचं वर्ष, मोठं प्रोजेक्ट करायचं होतं. पोरगी ओसरीवर बसून आबांना समजावतेय, "आबा, फर्निचरमधून समाजावर भाष्य करायचंय."

"म्हंजी?"

"म्हणजे खुर्ची समाजाबद्दल काहीतरी बोलली पाहिजे."

"खुर्ची बोलती?"

"बोलते ना."

"मंग चहा बी करती का इचार तिला."

आधी तिच्या डोक्यात होतं, एक पाय आखूड असलेली खुर्ची करायची. सत्ता डळमळीत असते वगैरे... मी म्हटलं, अगं, तसल्या तर आमच्या ग्रामपंचायतीत सगळ्याच आहेत, त्यांनी कधी काही भाष्य केलेलं ऐकलं नाही! पोरगी हसली, वहीत काहीतरी खोडलं. आणि पाणी प्यायला म्हणून आत गेली, तर रतनबाई ओट्याशी उभ्या राहून जेवत होत्या. एका हातात भाकरी, वाटी ओट्यावर.

"आजी, उभ्यानं जेवतेस?"

"सवय झाली बाई."

बस. एवढंच. पण पोरगी पाणी न पिताच बाहेर आली, पिशवीतून टेप काढला आणि परत आत गेली. आता रतनबाईंच्या आयुष्यात टेप म्हणजे एकच. "ब्लाऊज शिवती का काय? बाह्या जरा लांब ठिव हां."

"खुर्ची शिवतेय," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि जमिनीवर बसून तिनं माप कशाचं घेतलं, तर गुडघ्यापासून टाचेपर्यंत! मग मांडीचं, कोपराचं, पाठीचं. मग घरभर फिरली, सोफ्याला टेप, प्लॅस्टिकच्या खुर्चीला टेप, टेबलाला टेप. आबा झोपले होते, त्यांच्या पायालाही टेप! आबा दचकून उठले, त्यांना वाटलं जनावर चढलं. आणि हे सगळं मापून पोरगी आजीपुढं येऊन म्हणाली, "आजी, घरातल्या सगळ्या खुर्च्या आबांच्या पायांच्या आहेत गं."

"मी बुटकी हाय बाई. त्येला कोन काय करनार?"

"तू बुटकी नाहीस, आजी. खुर्च्या उंच आहेत."

तुम्हाला सांगतो, मी तिथं होतो. अहो, लग्नात हार घालायला पाटावर उभं केलं तेव्हा सगळा मांडव हसला होता. सासूनं लग्नातलं नाव बाजूला ठेवून हाकच मारली, 'ए बुटके' म्हणून. फळीवरचा डबा काढायचा तर कुणाला तरी बोलवायचं, आणि त्यानं डबा देता देता दोन विनोद करायचे. एवढ्या वर्षांत सगळ्यांनी बाईला नावं ठेवली, फळीला कुणी ठेवली नव्हती हो! रतनबाईंनी पदरानं तोंड पुसलं, विनाकारणच, आणि म्हणाल्या, "चहा टाकते." आणि चहात साखर दोनदा घातली.

मग झालं सुरू! अंगणात विटा रचल्या, वर फळी टाकली, आजीला बसवलं. "पाय टेकतात?" "न्हाई." एक वीट काढ. "आता?" "आंगठं टेकत्यात." आणखी काढ. मग पोरीनं डॉक्टरांना फोन लावला, तर म्हणाले, फार खाली नको, गुडघ्यांवर ताण येईल. वीट घाल! आठवडाभर ते चाललं होतं. बांधावरची वाळलेली बाभूळ सुताराकडं गेली. पहिली खुर्ची कुरकुरली. दुसरीचे हात एवढे खाली की त्यावर रेटा देऊन उठायला जमेना. पोरीनं ती मोडून पुन्हा जोडली. बैठक कशाची विणली? रतनबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांची. आबा कुरकुरत होते, "माझी बाभळ, आन मलाच इचारलं न्हाई." बाभळीनं तरी कुठं रतनबाईंना विचारलं होतं म्हणा, सरपण म्हणून डोक्यावर यायच्या आधी!

खुर्ची झाली. ओसरीवर ठेवली. गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या, माझी इंदूही. रतनबाई आधी खुर्चीभोवती फिरल्या, म्हैस विकत घेताना फिरतात तशा. मग हात टेकवले, हळूच बसल्या. पाठ मागं टेकली. आणि खाली बघितलं.

"टेकलं की गं..."

दोन्ही तळपाय, टाचेसकट, शहाबादी फरशीवर! त्यांनी टाच उचलली, पुन्हा टेकवली. पुन्हा उचलली. टक टक, टक टक. आणि हसायलाच लागल्या बाई. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत... इंदू हसायला लागली, बाया हसायला लागल्या, कशाला हसतोय कुणाला ठाऊक नाही.

आणि आबा! आबांना राहवेना. "उठ, बघू दे मला." रतनबाई सवयीनं उठल्या. आबा बसले... बसले म्हणजे शिरले! गुडघे कानाला, कंबर दोन हातांच्या मधे गच्च, बाटलीत बूच बसावं तशी. उठायला गेले तर खुर्ची बरोबर उठली! मी आणि ज्ञानेश्वरीनं दोन बाजूंनी ओढून सोडवलं. आबा लालबुंद. "चुकली गं तुझी खुर्ची."

"चुकली नाही, आबा. ती तुमची नाही."

अहो, घर आबांचं, केंद्र आबांचं, बाभूळ आबांची. त्या घरात आबांची नसलेली पहिली वस्तू म्हणजे ही खुर्ची. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि गोठ्याकडं गेले.

पुढच्याच आठवड्यात ओसरीवर दूधवाल्यांची बैठक. भिमाजी तावातावानं सांगत होता, "मी कवाच पानी घातलं न्हाई, दुधाला फॅट लागत न्हाई ती म्हशीची चूक." तर आवाज आला, "मागल्या साली बी तू म्हशीवरच ढकललं हुतं, भिमाजी." सगळे खुर्चीकडं बघायला लागले. आवाज रोजचाच हो! पण एरवी तो दाराआडून, खालून यायचा, त्यामुळं कुणी मनावर घ्यायचं नाही. आज तो समोरून आला होता, सगळ्यांच्या तोंडासमोरून. भिमाजी म्हणाला, "तसं न्हाई वैनी..." आणि टोपी सारखी करत बसला.

आणि एवढं सगळं जमून आल्यावर खुर्ची कुठं गेली? पुण्याला! प्रदर्शनाला! कॉलेजचं मोठं प्रदर्शन, खुर्ची महिनाभर तिथं. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आजी, थोडेच दिवस हं." रतनबाई म्हणाल्या, "ने की." आणि गेल्या पुन्हा चौकटीशी. पण आता ते उभं राहणं बघवेना हो. पूर्वी त्या उभ्या असायच्या, आता त्या बसलेल्या नसायच्या. फरक कळतोय ना तुम्हाला? एकदा मी बघितलं, आबा सोफ्यावर बसले होते, त्यांनी दाराकडं बघितलं, आणि उठून अंगणात जाऊन उभे राहिले. काही काम नव्हतं तिथं.

अहो, त्यांना तरी काय सुचणार? बाईनं बसायचं कुठं?

मग एक दिवस आबाच म्हणाले, "शामराव, गाडी काढा. पुण्याला जाऊन बघू तरी." निघालो. आबा पुढं, रतनबाई नि इंदू मागं, रतनबाईंच्या पायांखाली माझी कपड्यांची बॅग. पोचलो. आणि तुम्हाला सांगतो, एवढा मोठा हॉल, पांढऱ्या भिंती, वरून दिवे, जिकडं तिकडं फर्निचर, आणि बसायला एक जागा नाही! सगळ्यावर पाटी, 'कृपया बसू नये.' एक कपाट होतं, त्याला दारंच नव्हती, ते म्हणे पारदर्शक कारभारावर भाष्य. एक टेबल होतं, सगळं तिरपं, चहा ठेवला तर घरंगळेल, ते विषमतेवर. एक पलंग होता, मधोमध भिंत घातलेला, ते विवाहसंस्थेवर. इंदूनं तो जरा जास्तच वेळ बघितला.

हॉल संपेना. रतनबाई दमल्या. एक हात इंदूच्या खांद्यावर, एक आबांच्या कोपरात. आणि शेवटी एका कोपऱ्यात दिव्याखाली, चार खांबांना दोरी बांधलेली आणि दोरीच्या आत खुर्ची! आपली बाभळीची! रतनबाई थबकल्याच. लेक सासरी भेटावी तसं तोंड झालं त्यांचं.

ज्ञानेश्वरी परीक्षकांना आणायला गेली होती. आम्हाला माहिती द्यायला एक बाई आल्या, मोठा चष्मा, खादीचा झगा, हात हवेत. "ॲक्चुअली ना, ही खुर्ची एका अनुपस्थित स्त्रीबद्दल बोलते. तिचं नसणं आपल्याला इथं जाणवतं..."

रतनबाई म्हणाल्या, "कोन न्हाई?"

"ती स्त्री. ती इथं नाहीये."

"कुठं गेली?"

"नाही, म्हणजे व्यवस्थेनं तिला जागाच नाकारली..."

बोलता बोलता रतनबाईंचा तोल जरासा गेला. ती बाई घाबरून म्हणाली, "अगंबाई, यांना बसवा कुठंतरी!" कुठंतरी! त्या हॉलमध्ये! आम्ही चौघं एकमेकांकडं बघतोय...

आणि आबांनी काय केलं? पुढं झाले, दोरीचा हूक काढला, दोरी बाजूला टाकली. आत गेले. खिशातला रुमाल काढून खुर्ची झटकली. आणि हात पुढं केला.

"ये. बस."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्या माणसाच्या तोंडून 'बस' मी पहिल्यांदा ऐकलं. 'उठ' पुष्कळदा ऐकलं होतं. रतनबाईंनी हात धरला, आणि बसल्या. टाचा टेकल्या. डोळे मिटले.

धावत आला वॉचमन! "ओ बाबा! ओ आजी! बसायचं नाही! पाटी वाचता येत नाही का?"

"येती वाचाया," आबा म्हणाले. "पर ही खुर्ची हिची हाय. इचार पायजे तर तिच्या पायांना."

तोवर गर्दी. कुणी फोटो काढतंय, कुणी कुजबुजतंय, "हा पण भाग आहे का प्रदर्शनाचा? केवढी ताकदीची कल्पना!" आणि टाळ्या! खऱ्याखुऱ्या टाळ्या! चष्मेवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी. रतनबाईंनी एक डोळा उघडला. "टाळ्या कशाच्या वो? बसलीया फकस्त."

ज्ञानेश्वरी आली, मागं परीक्षक. तिनं दोरी पाहिली, आजी पाहिली, आणि जाऊन आजीच्या पायांशी जमिनीवर बसली. मुख्य परीक्षकांनी वाकून विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"पाय टेकत्यात," रतनबाई म्हणाल्या.

पोरीला पहिलं बक्षीस! आणि वर परीक्षक म्हणाले, ही खुर्ची आमच्या संग्रहालयात कायमची ठेवायची, मोठा मान आहे, देशभरातून लोक येऊन बघतील. ज्ञानेश्वरीचा चेहरा असा उजळला... आणि तसाच पडला. आजीकडं बघेना. आता तिनं काय बोलावं? तिच्या आयुष्याचा प्रश्न! पण रतनबाईंनी बोलू कुठं दिलं? "ठिवा की सायेब! पोरीचं नाव हुईल. माजं काय, मी ऱ्हाईन हुबी." आणि दोन्ही हात टेकवून उठायला लागल्यासुद्धा.

आबांनी खांद्यावर हात ठेवला. "बस म्हनलं ना."

मग परीक्षकांकडं वळले. "सायेब, पोरगी तुमास्नी दुसरी करून दील. ती दोरीत ठिवायची, बघायची. ही बसायची हाय. ही आमी नेतो."

ज्ञानेश्वरी उठली, डोळे पुसले, म्हणाली, "सर, करते दुसरी. महिन्यात करते." परीक्षक म्हणाले, "पण मूळ खुर्चीचं जे..." आणि मग त्यांनी रतनबाईंच्या पायांकडं बघितलं. काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "न्या."

गाडीच्या टपावर बांधून आणली हो! चंदनापुरीच्या घाटात चहाला थांबलो, हॉटेलात सगळी उंच बाकडी. मी म्हणणार, वहिनी, गाडीतच बसा, तोवर आबा टपावर चढलेले! दोरी सोडली, खुर्ची उतरवली, हॉटेलच्या दारात झाडाखाली मांडली, आणि स्वतः शेजारी मातीत फतकल मारून बसले. ट्रकवाले बघतायत. रतनबाई बशीतला चहा फुंकतायत. आबा म्हणाले, "हितनं कशी दिसती गं तू?" "कशी?" "उच्ची दिसती." लाजल्या हो! त्या वयात!

आता सगळं गोड झालं म्हणून तुम्ही माना डोलावताय. माझं काय झालं ते कुणी विचारत नाही! दुसरी खुर्ची करायला ज्ञानेश्वरी गावी आली, तर गल्लीतल्या बाया तिच्यापुढं रांग लावून उभ्या. बायडाबाईंचं माप, मालनबाईंचं माप, आणि सगळ्यात पुढं आमची इंदू! झाली तिची खुर्ची. आता संध्याकाळी ती त्यात बसते, पाय टेकवते, आणि म्हणते, "आलं जरा जास्त घाला हं." चहा कोण करतं? मी! म्हटलं, आपणच का मागं राहायचं? गेलो ज्ञानेश्वरीकडं. बाई, माझंही माप घे, एक खुर्ची माझ्यासाठी कर. टेप घेऊन आली. मला पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि टेप गुंडाळून खिशात टाकला!

म्हणाली, "काका, तुमची खुर्ची वाया जाईल. तुम्ही बोलायला लागलात की उठून उभे राहता... आणि गप्प बसता कधी?"

आता यावर माणसानं काय बोलावं, सांगा!

...नाही, नाही, उठू नका. बसा तुम्ही. मी आहे उभा.